इनबॉक्समधली मोकळी जागा कुणासाठी?

ईमेलच्या खिडकीत दोन ओळींमधलं अंतर वाढलं म्हणून कुणी रागवावं का? ऐकायला क्षुल्लक वाटतं. महागाई आहे, बेकारी आहे, मोहल्ल्यातल्या गटारीचं पाणी रस्त्यावर आलंय, आणि हा माणूस ओळींमधल्या अंतराचं गाऱ्हाणं मांडतोय, असं काही वाचकांना वाटेल. तरी लिहितो. आज शाळा, कोर्ट, बँक, नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्ती, सगळ्यांचा कागद ईमेलच्या त्या एका यादीतून सरकतो. ती यादी कशी दिसते यावर दिवसभर तिच्यासमोर बसणाऱ्याचं काम अवलंबून असतं, आणि तिचं रूप ठरवणाऱ्याला हे बसणारे लोक बहुधा दिसतच नाहीत.

आधी मुद्दा काय आहे तो सांगतो. बहुतेक मेलसेवांमध्ये यादी किती दाट दिसावी याची एक सेटिंग असते किंवा असायची. दाट मांडणीत एका पत्राला एक बारीक ओळ मिळते: कुणाकडून आलं, विषय काय, मजकुराचे पहिले चार शब्द, वेळ. बस्स. ऐसपैस मांडणीत त्याच पत्राभोवती वरखाली मोकळी जागा येते, पाठवणाऱ्याचा गोल फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर येतं, खाली जोडलेल्या फाइलीचं चित्र येतं. पत्र तेच, जागा दुप्पट. दर काही वर्षांनी एखादी कंपनी नवं रूप आणते, त्यात दाट मांडणी गायब होते किंवा नावापुरती उरते, आणि जगभरातून एकच मागणी येते: आमच्या बारीक ओळी परत द्या.

जीमेलचंच बघा. १ एप्रिल २००४ रोजी ते आलं तेव्हा १ जीबी जागा देतो म्हटल्यावर लोकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. तेव्हा हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी देत होतं. पण जागेइतकीच लोकांना आवडली ती त्याची यादी. एका पत्रव्यवहाराला एक ओळ, एका पानावर ५० ओळी, रंगरंगोटी जवळजवळ नाही. दिसायला एखाद्या तालुका कचेरीच्या आवक-जावक नोंदवहीसारखी. माझ्या मते ते त्या सेवेचं सर्वांत चांगलं रूप होतं.

२०११ च्या जुलैत गूगलने नव्या रूपाची चुणूक दाखवली. तीही दोन प्रकारांत: एक साधी आणि एक दाट. म्हणजे आपली नवी मांडणी सगळ्यांना मानवणार नाही, हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नोव्हेंबरमध्ये नवं रूप सर्वांसाठी आलं तेव्हा कम्फर्टेबल, कोझी आणि कॉम्पॅक्ट असे तीन पर्याय होते. खिडकी लहान केली की मांडणी आपोआप दाट व्हायची, मोठी केली की पसरायची. कल्पना वाईट नव्हती. पण सर्वांत दाट म्हणवणारा पर्यायसुद्धा जुन्या यादीपेक्षा विरळ होता, अशी तक्रार लगेच सुरू झाली. त्यातच बटणांवरचे शब्द जाऊन चित्रं आली. पुढे चित्रांऐवजी शब्द दाखवण्याची सेटिंग द्यावी लागली ती वेगळी गोष्ट. काही महिने जुन्या रूपात राहण्याची मुभा होती, मग तीही गेली. २०१८ च्या एप्रिलमध्ये पुन्हा नवं रूप आलं. यादीतच जोडलेल्या फाइलींची चित्रं दिसू लागली, ओळी आणखी उंच झाल्या. कॉम्पॅक्ट हा पर्याय मात्र ठेवला, आणि तो आजही आहे. त्याबद्दल गूगलला श्रेय द्यायला हवं, कारण सगळ्यांनी तेवढंही केलेलं नाही.

आता थोडा हिशोब. आपल्याकडे स्वस्त लॅपटॉपचा पडदा वर्षानुवर्षं १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा राहिला. शाळांमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या टेबलांवर अजून तेच यंत्र दिसतं. उभी जागा ७६८. त्यातून खालची पट्टी, ब्राउझरचे टॅब आणि पत्त्याची ओळ, मेलची स्वतःची शोधपट्टी आणि बटणं वजा करा. यादीसाठी हाती ४८० पिक्सेल उरले असं धरू. एका ओळीला २४ पिक्सेल दिले तर एका नजरेत २० पत्रं दिसतात. ४० दिले तर १२. दिवसाला १५० पत्रं येत असतील तर ८ पडद्यांचं काम १३ पडद्यांवर जातं. नवं रूप आखणारा मोठ्या, महागड्या पडद्यासमोर बसलेला असेल, तर त्याला हा फरक जाणवणारही नाही. त्याच्याकडे दोन्ही मांडण्यांत भरपूर ओळी मावतात. जो आधीच लहान पडद्यावर काम करतो त्याचीच जागा मोकळी सोडली जाते.

हा हिशोब मी कागदावर केलेला नाही. आम्ही चारपाच जण तालुक्याच्या ठिकाणी मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज भरून देतो. पगारी काम नाही, एका शाळेची रिकामी खोली आणि एक जुना लॅपटॉप एवढाच संसार. जून ते सप्टेंबर पत्रांचा पाऊस असतो. कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाची गुणपत्रिका, कुणाचं बँकेचं पासबुक उलटं स्कॅन केलेलं. आमच्यातले एक ज्येष्ठ कोर्टातून निवृत्त झालेत, सगळे त्यांना शिरस्तेदार चाचा म्हणतात. त्यांची पद्धत अशी, की यादी उघडायची, कशालाही हात न लावता वरून खाली एक नजर टाकायची, आणि मग बोलायचं: या पोरीचं तिसरं पत्र आलंय, म्हणजे हिचं काहीतरी अडलंय, आधी हिचं बघा. विषयाच्या ओळीत काही विशेष नसायचं. एकाच नावाच्या तीन ओळी एका पडद्यावर दिसायच्या, त्यातून ते ओळखायचे.

आम्ही वापरतो त्या मेलसेवेने (नाव घेत नाही, या बाबतीत सगळ्या एका माळेच्या मणी आहेत) एका सोमवारी रूप बदललं. दाट मांडणीचा पर्याय सेटिंगमधून नाहीसा झाला. पडद्यावर पूर्वीच्या जेमतेम निम्म्या ओळी उरल्या, आणि त्यातल्या वरच्या दोन जाहिरातींच्या. चाचांची नजर टाकण्याची पद्धत त्या दिवशी संपली. पुढच्याच आठवड्यात बारावी झालेल्या एका मुलीचं पत्र मुदतीच्या आदल्या संध्याकाळी हाती लागलं. तिने चार दिवसांत तीनदा लिहिलं होतं, की तलाठ्याकडून मिळालेल्या दाखल्यावर वडिलांचं नाव चुकलंय, काय करू? तिन्ही पत्रं तीन वेगवेगळ्या पडद्यांवर, वीसेक पत्रांच्या अंतराने पडली होती. रात्री फोनाफोनी झाली, सकाळी तिचा भाऊ तहसीलमध्ये जाऊन बसला, दुपारी तीनला दुरुस्त दाखला आला, चारला अर्ज गेला. काम झालं. पण दुसऱ्या दिवशी रविवार असता तर?

जाहिरातींचं गणितही यात आलंच. यादीत पत्रासारखीच दिसणारी जाहिरात घुसवण्याची चाल आता सर्वत्र आहे. २० ओळींत २ जाहिराती असल्या तर दहावा हिस्सा झाला. १२ ओळींत तेवढ्याच राहिल्या तर सहावा हिस्सा. एक पैशाची नवी जाहिरात न लावता पडद्यावरचा तिचा वाटा वाढतो. हाच हेतू ठेवून ओळी विरळ केल्या जातात असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण हा परिणाम होतो आणि कंपनीला तो नको असेल असंही वाटत नाही.

कंपन्यांची बाजूही नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर ही नुसती चिडचिड ठरेल. त्यांचं सर्वांत बळकट कारण म्हणजे बोट. माउसचा बाण बारीक ठिकाणी टेकतो, बोट टेकत नाही. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच दाखवून दिलं होतं, की लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका तिथे पोचायला वेळ जास्त. म्हणूनच अ‍ॅपल आपल्या आखणीकारांना बोटाने दाबायची जागा किमान ४४ पॉइंटची ठेवायला सांगतं, आणि गूगल अँड्रॉइडसाठी ४८ एककांची. फोनवर हे योग्यच आहे. अडचण इथे होते, की फोन, टॅब्लेट आणि संगणक या तिन्हींसाठी एकच आखणी केली की कंपनीचं काम वाचतं, आणि मग बोटासाठी सोडलेली जागा माउसवाल्याच्या माथी येते. माझ्या लॅपटॉपला स्पर्शाचा पडदा नाही, त्यावर मी बोट ठेवलं तर फक्त डाग पडतो.

दुसरं कारण दृष्टीचं आणि थरथरत्या हाताचं देतात. हे मी हलक्यात घेणार नाही. माझ्या अम्मींना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फोनवरची मोठी अक्षरंच वाचता येतात, आणि दोन ओळींत अंतर नसेल तर त्या भलत्याच ठिकाणी दाबतात. अशांसाठी ऐसपैस मांडणी हवीच, आणि पहिल्यांदा उघडल्यावर तीच दिसली तरी हरकत नाही. पण त्यासाठी दाट मांडणी काढून टाकायला कुणी सांगितलंय? अपंगांना वापरता येतील अशी संकेतस्थळं कशी असावीत याचे आंतरराष्ट्रीय मापदंड आहेत, डब्ल्यूसीएजी नावाचे. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्या मधल्या पातळीवर दाबायच्या जागेची किमान अपेक्षा २४ बाय २४ पिक्सेल आहे. वर मी हिशोबासाठी धरलेली दाट ओळ नेमकी तेवढीच आहे. ४४ पिक्सेलची अपेक्षाही तिथे आहे, पण सर्वांत वरच्या पातळीवर. तेव्हा अपंगांचं नाव पुढे करून पर्याय काढून घेणं मला पटत नाही. शिवाय चाचांच्या मानेचा त्रास आणि सतत चाक फिरवून दुखणारं मनगट हाही शरीराचाच प्रश्न आहे.

तिसरं कारण सर्वांत जास्त ऐकू येतं, आणि मला सर्वांत चुकीचं वाटतं: ही सेटिंग फार थोडे लोक वापरतात. फायरफॉक्स ब्राउझरच्या बाबतीत हे उघडपणे घडलं. मेल नाही, पण भांडण तेच. २०२१ मध्ये मोझिला त्याचं नवं रूप तयार करत होतं, तेव्हा वरची पट्टी बारीक करणारा कॉम्पॅक्ट पर्याय काढायचं ठरलं. कारण काय दिलं? तो सापडायला अवघड आहे, त्यामुळे फारसा वापरला जात नसावा असं आम्ही गृहीत धरतो. पुन्हा वाचा. मोजलं नव्हतं, गृहीत धरलं होतं. पर्याय आपणच आतल्या खोलीत ठेवायचा, मग म्हणायचं की इकडे कुणी फिरकत नाही. फायरफॉक्सच्या वापरकर्त्यांनी इतका ओरडा केला की जूनमध्ये आवृत्ती ८९ आली तेव्हा पर्याय पुरता मेला नव्हता. आधीपासून वापरणाऱ्यांसाठी तो राहिला, नव्यांना आतल्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येत होता. मात्र नावापुढे कंसात शेरा मारला होता: याला आमचा आधार नाही. घरात राहू देतो, पण जेवायला विचारणार नाही, अशातला प्रकार.

आणि समजा मोजलं, तरी काय मोजलं? माणसं मोजली. शंभरातल्या पाचांनीच दाट मांडणी निवडली असं निघालं असेल. पण ते पाच कोण आहेत? दिवसातून एकदा मेल उघडून ओटीपी बघणारा माणूस सेटिंगमध्ये कधीच जात नाही. सेटिंगमध्ये जातो तो रोज सहा तास त्या यादीसमोर बसणारा. शाळेचा कारकून, वकिलाचा मुन्शी, विमा एजंट, हजच्या मोसमात शेकडो पासपोर्टांच्या प्रती सांभाळणारा टूर ऑपरेटर, वर्तमानपत्राच्या कचेरीतला उपसंपादक. माणसांऐवजी तास मोजले, तर हे पाच कदाचित निम्म्याहून जास्त भरतील. ज्याच्या हातात अवजार सर्वांत जास्त वेळ असतं त्याचं मत सर्वांत कमी मोजलं जातं. सुताराला न विचारता रंध्याची मूठ बदलण्यासारखं आहे हे.

याहूने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये नेमका हाच अनुभव घेतला. नव्या मेलबरोबर १ टेराबाइट जागा फुकट दिली, आणि एकाच वेळी अनेक पत्रं उघडी ठेवण्याची टॅबची सोय काढली. कंपनीला वाटलं असेल, एवढी जागा मिळाल्यावर टॅबांचं काय! लोकांनी जागेबद्दल आभार मानले नाहीत, टॅबांसाठी भांडले. शेवटी टॅब परत आणावे लागले. माणसाला भेट म्हणून काय मिळालं यापेक्षा हातातलं काय गेलं हे जास्त लागतं. हे व्यापाऱ्यांना कळायला हवं होतं.

मांडणीत स्मरण असतं, हा मुद्दा बिनओळखीच्या माणसाला समजावणं कठीण जातं. आमच्या वाचकांना मात्र चटकन समजेल. हिफ्ज करणाऱ्या मुलाला उस्ताद पहिल्या दिवशी काय सांगतात? कुरआनची एक प्रत धर, आणि शेवटपर्यंत तीच धर. १३ ओळींची, १५ ओळींची, १६ ओळींची, ज्या त्या मदरशाची आपापली पसंती. पुष्कळ हाफिजी प्रतींत पान आयतीच्या शेवटीच संपतं, आणि पाठ करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शब्दांबरोबर जागाही असते: उजवं पान, वरून चौथी ओळ. मध्येच दुसऱ्या छपाईची प्रत हातात दिली तर शब्द तेच असूनही अडखळायला होतं. कारकुनाच्या यादीचं महत्त्व अर्थातच त्या पातळीचं नाही, तुलना फक्त डोळ्यांच्या सवयीपुरती. पण डोळा असाच शिकतो. मांडणी बदलणं म्हणजे भिंतीचा रंग बदलणं, असं समजणाऱ्यांना हे कळत नाही.

दाट म्हणजे गिचमीड, म्हणजे जुनाट, म्हणजे गावठी, असाही एक समज या आखणीकारांमध्ये दिसतो. मोकळी जागा श्रीमंतीची खूण झाली आहे. मोठ्या दुकानात एका कपाटात तीन शर्ट, आमच्या बाजारात एका दोरीवर तीस. पण दाट मांडणी चांगली असते तेव्हा ती किती वाचनीय असते हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९७३ पासून निघणाऱ्या कालनिर्णयचा एक चौकोन बघा. तारीख, तिथी, नक्षत्र, सण, सगळं तीन बोटांच्या जागेत. आमच्याही घरात ते भिंतीवर असतं, आणि दूधवाल्याचा खाडा त्याच चौकोनात पेन्सिलने लिहिला जातो. सातबारा घ्या. जमीन कुणाची, किती, बोजा कसला, पीक कोणतं, हे सगळं एका कागदावर. एसटी स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक घ्या. चाळीस गाड्या एकाखाली एक. आपली गाडी शोधायला आपण त्या फलकासमोर दहा सेकंदांपेक्षा जास्त उभे राहत नाही. त्याच फलकावर एका वेळी सहाच गाड्या दाखवून बाकीच्यांसाठी खालचं बटण दाबा म्हटलं, तर प्रवासी कंट्रोलरच्या खिडकीवर जातील.

इथे एक गोष्ट दाट मांडणीच्या विरुद्ध जाते, तीही सांगितली पाहिजे. बारीक ओळी बहुतेक वेळा इंग्रजी लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखल्या जातात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतो. ओळीची उंची फार कापली तर वरची मात्रा किंवा खालचा उकार छाटला जातो, आणि ‘मुल’ की ‘मूल’ ते कळत नाही. उर्दूचं तर विचारू नका. नस्तालीक लिपीत शब्द तिरका उतरत येतो, त्याला उभी जागा जास्तच लागते. संगणकावर पुष्कळदा उर्दूला नस्ख वळणात कोंबलं जातं, त्यामागे तांत्रिक अडचणींबरोबर ही जागेची अडचणही आहे. चेन्नईचं ‘द मुसलमान’ हे १९२७ साली सुरू झालेलं उर्दू दैनिक हाताने लिहिलं जाण्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा वर्तमानपत्राचा कातिब बातमी आणि जागा दोन्ही बघून अक्षर आवळतो किंवा सोडतो. मशीनलाही ते शिकवता येतं. तेव्हा माझी मागणी सगळ्यांच्या ओळी २४ पिक्सेलवर आणा अशी नाही. लिपी बघून ओळ आखा, आणि मग माणसाला निवडू द्या, एवढीच आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: फुकट मिळतंय, तर तक्रार कसली? फुकट काही नाही. आपण जाहिराती बघतो, आपल्या सवयींची माहिती देतो, आणि मुख्य म्हणजे वीस वर्षांचा पत्रव्यवहार तिथे ठेवून बसलोय. पत्ता सगळ्या कागदांवर लागलाय. आधारला तोच, बँकेला तोच, पोरांच्या शाळेला तोच. घर बदलता येत नाही अशा भाडेकरूला, पटत नसेल तर जा, असं म्हणणं सोपं असतं. आणि हळूहळू सवय होईल, हे दुसरं ठरलेलं उत्तर. सवय होते, हे खरं आहे. माणसाला कशाचीही सवय होते. लोडशेडिंगचीही झाली होती. म्हणून ते बरोबर होतं का?

२०२४ च्या सुरुवातीला जीमेलचं बेसिक एचटीएमएल रूपही बंद झालं. अगदी साधं पान, जवळजवळ चित्रंच नाहीत, कमी वेगाच्या इंटरनेटवर आणि जुन्या यंत्रावर चालणारं. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या काही अंध वापरकर्त्यांनाही ते सोयीचं होतं. म्हणजे अपंगांसाठी ऐसपैस मांडणी म्हणायचं आणि त्यांच्यातल्याच काहींचा आधार काढून घ्यायचा, दोन्ही एकाच उद्योगात चालतं.

दाट मांडणी हरवलेल्यांनी तूर्त काय करावं, ते सांगतो, कारण याबद्दल मला वरचेवर विचारलं जातं. जीमेल असेल तर वरच्या दातेरी चाकाच्या चिन्हावर दाबा, डेन्सिटीमध्ये कॉम्पॅक्ट निवडा. पुष्कळांना ही सेटिंग आहे हेच माहीत नसतं. तुमच्या सेवेत तशी सोय उरली नसेल तर ब्राउझरमध्ये कंट्रोलची कळ धरून वजाचं चिन्ह दाबा, पान ९० किंवा ८० टक्क्यांवर येईल. पण त्यात ओळींबरोबर अक्षरंही लहान होतात, चाळिशीनंतर हा उपाय फार दिवस टिकत नाही. सर्वांत पक्का मार्ग म्हणजे वेब सोडून स्वतःच्या संगणकावरचा मेलचा प्रोग्राम वापरणं. आयमॅपची सोय असलेली कुठलीही मेलसेवा त्यात जोडता येते. आम्ही थंडरबर्ड घेतलं, ते फुकट आणि मुक्त आहे. गंमत म्हणजे जुलै २०२३ मध्ये आवृत्ती ११५ ला त्यांनीही रूप बदललं, पत्रं पत्त्यांसारखी मांडणारं नवं दृश्य आणलं. पण जुनं ओळींचं दृश्य ठेवलं, आणि घनतेचे तीन पर्यायही. नवं करता येतं आणि जुनं ठेवताही येतं, हे त्यांच्याकडून शिकावं. शिरस्तेदार चाचांना एका दुपारी ते लावून दिलं. पहिल्यांदा त्यांनी पडद्यावरच्या ओळी मोजल्या. बावीस भरल्या.

आणि कंपनीला जरूर लिहा. मेलमध्येच कुठेतरी सूचना पाठवण्याची खिडकी असते. तिथे, नवं रूप घाण आहे, असं लिहिलं तर ते शंभरांत एक होऊन जातं. त्याऐवजी तुमच्या पडद्याचा आकार लिहा, पूर्वी किती पत्रं दिसायची आणि आता किती दिसतात ते मोजून लिहा, दिवसाला किती पत्रं हाताळता ते लिहा. मराठीत किंवा उर्दूत पत्रं येत असतील तर तेही लिहा, आणि कुठली मात्रा कापली जातेय त्याचं पडद्याचं चित्र जोडा.